अर्ध्या मोसमाची पारख

शनिवार, ४ मे

दुपारभर घरीच. कपडे धुतले, वाळत घातले. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानावरचे हॉर्न आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. आमच्या गावच्या, ब्रॅनकच्या टीमने गोल मारला की कुंपणाला तोंड करून लावलेल्या सगळ्या गाड्या वाजतात. आज सात वेळा वाजल्या.

साडेचारला क्लबमधून लेसचा फोन. "एकोणतीस गुणांनी हरलो, डोरीन. का हरलो ते क्लेमने सांगितलं असतं. आम्हाला नुसतं हरलो एवढंच कळतं."

क्लेमला जाऊन साडेसहा आठवडे झाले.

रविवार, ५ मे

चार बटाटे सोलले. मग लक्षात आलं, आता मी एकटीच. दोन पाण्यात घालून ठेवले.

गुरुवार, ९ मे

ग्वेन आली. लेसची बहीण, क्लबचं कँटीन तिच्याकडे असतं. भोपळ्याच्या सुपाचं पातेलं घेऊनच आली. बसायला सांगावं लागत नाही तिला.

"किती दिवस घरात बसणार आहेस?"

बसत नाही, कामं असतात, मी म्हटलं.

"कामं! काल खिडक्या पुसत होतीस. परवाही त्याच पुसत होतीस."

मैदानावरची आमची जागा तशीच ठेवली आहे म्हणाली. एक्केचाळीस वर्षं आमची गाडी तिथेच लागते, गुणफलकाच्या डाव्या हाताला तिसरी. लेसने तिथे एक पांढरा ड्रम आणून ठेवलाय. मागच्या शनिवारी पाहुण्या टीमकडचा एकजण गाडी घालायला आला, तर लेस दोन क्वार्टर, म्हणजे अर्धी मॅच, त्या ड्रमवर बसून राहिला. "माझ्या भावाचं वजन काय आहे ते तुला माहीत आहे. ड्रम आता जरा वाकडा झालाय."

शनिवारी येते म्हटलं. पण गाडी आणणार नाही. कप धुवायला येते.

शनिवार, ११ मे

चालत गेले. ड्रमकडे पाहिलं नाही. कँटीनच्या मोरीवरच्या खिडकीतून मैदान दिसतं. हात पाण्यात आणि नजर बाहेर, बरं होतं.

लेस काउंटरला टेकून कुणा ना कुणाला ऐकवत होता. "सहाव्या मॅचनंतर आपण असे असू हे मी मार्चमध्येच म्हटलं होतं."

"ही पाचवी आहे," ग्वेन म्हणाली. "आणि मार्चमध्ये तू म्हणाला होतास, यंदा कप आपला."

"ते उन्हाळ्यात म्हटलं होतं. उन्हाळ्यात सगळेच म्हणतात."

मग माझ्याकडे वळून जरा हळू: "क्लेमचा हॉर्न नसला की गोल झाला की नाही याची खात्रीच वाटत नाही बघ. सगळ्यांचे वाजून संपले की मग त्याचा एक. पंचाने निशाण हलवल्याशिवाय हात लावायचा नाही. सावध माणूस!"

मी कप विसळत राहिले.

आज जिंकलो, चार गुणांनी. जेरॉड मात्र वाईट खेळला. पुढच्या फळीत मधोमध उभा असतो, सगळा भार त्याच्यावर. उंच आलेला चेंडू हातांनी झेलायचा आणि गोल मारायचा हे त्याचं काम; तीन झेल सोडले. लोक फार टाकून बोलतात. "पोरगा घाबरला," "पोरीच्या मागे असेल." तेवीस वर्षांचा आहे. गव्हाचा ट्रक चालवतो.

तीनही झेल डाव्या बाजूने आलेले होते. बहुतेक योगायोग.

रविवार, १२ मे

हे कुणाला कधी सांगितलं नाही. इथे लिहिते.

क्लेमचे डोळे सहा वर्षांपूर्वी गेले. पूर्ण नाही. मधोमध डाग, कडेचं थोडं दिसायचं. त्याआधी वर्षभर तो मान वाकडी करून, कोपऱ्यातून बघायचा. मला दिसत होतं. मी एकदा विचारलं, तो म्हणाला, काही नाही, तू काही बोलू नकोस. मी बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं.

गावात कुणाला कळू द्यायचं नाही म्हणाला. ओळखीचे रस्ते, ओळखीचे आवाज. त्याला जमलं. प्रश्न फक्त शनिवारचा होता. तो खेळाडू होता, मग प्रशिक्षक, मग सगळ्यांचा सल्लागार. मॅचनंतर लोक त्याच्याभोवती जमायचे.

म्हणून मी गाडीत सांगायला लागले. मी — जी स्वतःच्या लग्नाच्या जेवणातही दोन वाक्यं बोलली नाही. काचा वर, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. हिवाळ्यात काचेवर वाफ धरायची, ती हाताने पुसत पुसत सांगायचे. सुरुवात नेहमी एकच — आपण कुठल्या बाजूला मारतोय ते. आपण सायलोकडे मारतोय. किंवा, आपण रस्त्याकडे मारतोय. मैदानाच्या एका टोकाला सायलो, धान्याच्या उंच कोठ्या, आणि दुसऱ्या टोकाला रस्ता. मग त्याच्या डोक्यात मैदान उभं राहायचं. चेंडू मधल्या खांबांतून गेला की गोल, सहा गुणांचा. मी "सहा" म्हणायचे, मग तो हॉर्न दाबायचा. त्यामुळे उशीर व्हायचा.

आधी नुसतं काय घडलं ते सांगायचे. पुढे का घडलं तेही सांगायला लागले. तो ऐकायचा, आणि मॅच संपल्यावर कुंपणाशी जाऊन तेच सगळ्यांना सांगायचा, आपल्या शब्दांत, हात हलवून. मी गाडीत बसून त्याच्याकडे बघायचे. फार छान सांगायचा.

मला कधी वाईट वाटलं नाही. हे खरं आहे.

शनिवार, १८ मे

हरलो. जेरॉड पुन्हा. कप धुताना एक पेन्सिल आणि कागद मोरीवर ठेवला होता.

शनिवार, २५ मे

हरलो. आता योगायोग म्हणता येत नाही. उजवीकडून आलेले अकरा, त्यांतले नऊ घेतले. डावीकडून आलेले आठ, एकही नाही. आणि चेंडू वर असला की मान फिरवतो. डावीकडे, जास्तच. कोपऱ्यातून बघायला.

ती मान मी ओळखते.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जेरॉडच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला होता म्हणे. ग्वेनला सहज विचारलं. "हो, पण उठला की लगेच. हसत होता."

शनिवार, १ जून

जिंकलो, जेरॉडशिवायच म्हणायचं. दुसऱ्या क्वार्टरनंतर त्याला बाहेर काढला. मॅचनंतर तो रिकामे कप घेऊन आला. आईने शिकवलंय, येतो.

मी विचारलं, डावा डोळा कधीपासून?

हातातले कप खाली ठेवले त्याने, एकेक. "धूळ आहे हो, मिसेस पी. पेंढ्याची."

पाच आठवडे धूळ?

इकडेतिकडे बघितलं. "पडदा पडल्यासारखं होतं कडेला. जाईल. तुम्ही कुणाला बोलू नका हं. ट्रकचा परवाना जाईल माझा. गाडीचे हप्ते आहेत."

डॉक्टरकडे जा, मी म्हटलं.

"मोसम संपला की जातो. नक्की. तुम्ही बोलणार नाही ना?"

मी काही म्हटलं नाही. त्याने ते हो धरलं. मी गप्प राहिले की लोक हो धरतात.

सोमवार, ३ जून

झोप नीट नाही. गप्प बसायचं मला चांगलं जमतं. एकदा जमवून पाहिलंय.

बुधवार, ५ जून

लेस आला, लिंबांची पिशवी घेऊन. रविवारी पारख आहे. मोसम अर्धा झाला की जूनच्या लांब सुट्टीत क्लबमध्ये दुपारचं जेवण असतं. जुनी माणसं बसून टीमला दहापैकी गुण देतात, फळ्यावर लिहितात. खेळाडूंनी त्या दिवशी वाढायचं आणि उलट बोलायचं नाही, अशी रीत. क्लेमच्या आधीपासूनची.

"त्याच्या खुर्चीवर तू बस," लेस म्हणाला. "बोलायचं काही नाही. नुसती बस. खुर्ची रिकामी दिसली की ग्वेन रडते आणि मग मटण करपतं."

जाईन म्हटलं. जेरॉडचं शेनला, म्हणजे प्रशिक्षकाला, एकट्याला गाठून सांगावं असं ठरवलं. पण तो विचारणारच — तुला कसं कळलं? खिडकीतून? तू बघतेस? आणि मग मागचंही सगळं लक्षात येईल. क्लेम काय सांगायचा, कुठून सांगायचा. ब्रॅनकमध्ये अजूनही "क्लेम म्हणायचा" असं म्हटलं की वाद मिटतो. तेवढंच तर उरलंय त्याचं.

रविवार, ९ जून

जेवणाआधी शेनला गाठायला गेले. तो स्वयंपाकघरात चार जणांच्या घोळक्यात होता. परत येऊन खुर्चीवर बसले.

लेस फळ्याशी. "आठ मॅच, तीन जिंकल्या. नऊ टीममध्ये सातवे. मागची फळी?"

"सहा."

"सहा? मागच्या फळीत तुझा जावई आहे म्हणून सहा. पाच. मधली?"

"मधले धावतात चांगले. कुठे धावतात ते त्यांना विचारू नका."

"पाच. पुढची फळी?"

एकदम गलका. तीन. तीनही जास्त झाले. जेरॉडचे दोन करा. शेन म्हणाला, पुढच्या आठवड्यात त्याला क्लबच्या खालच्या, दुसऱ्या टीममध्ये टाकतोय, बघू काय फरक पडतो. जेरॉड तिथेच होता, रश्श्याचं भांडं घेऊन, आमच्याच टेबलाशी. रीतीप्रमाणे तोंड बंद. मान खाली घालून माझ्या ताटात ओतायला लागला — आणि अर्धा रस्सा ताटाच्या कडेबाहेर, टेबलावर, माझ्या मांडीवर.

"झेल तर झेल, आता रस्सापण सुटला," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोही हसला.

हसू नका, मी म्हटलं.

माझाच आवाज मला मोठा वाटला.

म्हटलं, त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही. एप्रिलपासून. उजवीकडून आलेले नऊ झेल घेतलेत, डावीकडून आलेला एकही नाही, मी मोजलेत. कडेला पडदा पडल्यासारखं दिसतं त्याला. त्याला दुसऱ्या टीममध्ये पाठवू नका, डॉक्टरकडे पाठवा. उद्या नाही, आज. एक वर्ष गप्प बसलं की काय होतं ते मला माहीत आहे. मी बसले होते.

जेरॉडने भांडं खाली ठेवलं. "मिसेस पी," म्हणाला, "मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं." आणि गेला. शेन त्याच्या मागे.

एक गोष्ट विचित्र वाटली. कुणी दचकलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत बोलले, आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही — म्हणजे बघितलं, पण क्लेमकडे बघायचे तसं. लेसने फळ्यावरचे तीन पुसले. तिथे काही लिहिलं नाही.

ग्वेनने माझा झगा ओल्या फडक्याने पुसला. मटण करपलं नव्हतं.

मंगळवार, ११ जून

ग्वेनचा फोन. शेनने जेरॉडला रविवारीच बेंडिगोच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डोळ्याच्या आतला पडदा फाटत आला होता. काल शस्त्रक्रिया झाली. आणखी आठवडा गेला असता तर डोळा गेला असता. आता बहुतेक राहील. मोसम मात्र संपला त्याचा. ट्रकही डॉक्टर म्हणेपर्यंत बंद. शेनचे वडील त्याला तोवर गोदामात काम देतायत.

लेसने मध्येच फोन हिसकावला. "पुढच्या फळीला आता शून्य. वाट लागली आपली." आणि मग, "बरं केलंस, डोरीन."

जेरॉडचा काही निरोप नाही. रागावला असेल. रागावू दे. दोन्ही डोळ्यांनी रागावू दे.

शनिवार, १५ जून

गाडी नेली. लेस ड्रम उचलायला आला. उचलता उचलता म्हणाला, "काच खाली कर आज. सहा वर्षं आम्हाला धड ऐकू आलं नाही." मी म्हटलं, काय ऐकू आलं नाही? तो ड्रमकडे बघत म्हणाला, "क्लेमने पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं आम्हाला. डोळे गेले माझे, आता डोरीन बघते. पण तुम्हाला माहीत आहे हे तिला कळू देऊ नका, गप्प होईल ती." मग ड्रम छातीशी धरून निघून गेला.

शिट्टी झाली. काच खाली केली, दोन्ही बाजूंची. गार वारा आत आला.

आपण सायलोकडे मारतोय, मी म्हटलं.