न बोलावता आलेले

ओल्शाना, २० डिसेंबर १९४५

चि. रोमान यास,
वांदाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्याआधी हे पाकीट फोडून वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. पत्र लांबलचक आहे, चहा गार होऊ देऊ नये.

गावाची खबर अशी, की शाळेत सैनिक उतरलेत आणि मुलांची बाकं त्यांच्या शेकोटीत गेली. औषधवाल्याचं घर तुमच्या सुरक्षा पोलिसांनी बळकावलंय. त्या तळघरात पूर्वी बटाटे असायचे, आता माणसं असतात. लोक त्या अंगाच्या पदपथावर पाऊल ठेवत नाहीत. परवा बाजारात एका सैनिकाने आईच्या टोपलीतली अंडी उचलली आणि वर ऐकवलं, की आम्ही तुमच्यासाठीच इथे कुडकुडतोय. आई त्याला म्हणाली की मग बाळा, घरी जा, तिथे ऊब असेल. मी तिला ओढत घरी आणली.

सेवेरिनचा पत्ता नाही. लढाई संपली तरी आपला धाकटा रानातच आहे. येईल कसा? त्याच्या तुकडीतले जे शहाणे होऊन घरी आले, ते त्या तळघरात आहेत.

आई तुझी वाट बघते. नाताळला ये, पण ती पोलिसाची टोपी कुंपणाबाहेर ठेवून ये. लोभ आहे तो वाढवायचा की आटवायचा, तुझं तू बघ.
तुझी ताई,
वांदा


वोल्कूव, २९ डिसेंबर १९४५

ती. वांदाताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र पोचलं. चहा गार झालाच.

कामामुळे नाताळला येता आलं नाही. तुला तळघरं दिसतात. ऑक्टोबरात रानातल्या लोकांनी रस्त्यावर माझे दोन सोबती मारले, ते नाही दिसत. एकाला अजून नीट मिशी फुटली नव्हती. त्यालाही आई आहे, ताई. तिला पत्र मी लिहिलं.

आपल्या धाकट्या सेवेकला निरोप देता आला तर दे, की घरी ये. रानात सापडला तर गोळी विचारत बसत नाही, की तू कोणाचा भाऊ. घरी सापडला तर माझ्या शब्दाला थोडं वजन आहे. आई यंदाही आठ जानेवारीला, संत सेवेरिनच्या दिवशी, त्याच्या नामदिनाचं टेबल मांडणार का? खसखशीच्या केकची फार आठवण येते. तिला माझा नमस्कार सांग, आणि तू रागावलीस तरी पत्र धाडत जा.
रोमान


ओल्शाना, १२ जानेवारी १९४६

रोमान,
आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून लिहिले नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, मांडलं. आणि नामदिनाचं आमंत्रण आपल्यात कधी कोणाला गेलंय? ज्याला आठवण असते तो येतो. यंदा सगळ्यांच्या आधी तुमची माणसं आली, आदल्या संध्याकाळीच. येईल त्याला आत घ्यायचं, बाहेर मात्र कोणाला सोडायचं नाही, असा त्यांचा हुकूम.

सकाळी चर्चमध्ये बाजा वाजवणारे विन्सेंटीकाका मधाची बरणी घेऊन आले. शुभेच्छा तोंडातून निघाल्या आणि समोर बंदूक. मग मास्तरीणबाई, मग चांभाराची बायको अंगावरच्या पोरासकट. गेलेलं माणूस परत येत नाही म्हटल्यावर दुपारपर्यंत गावाला उमगलं. तरी लोक येतच राहिले. कुंपणाच्या भांडणापासून आपल्याशी न बोलणारा याकुब इस्त्रीचा सदरा घालून आला आणि कोपऱ्यात बसला. म्हणे, सगळी गल्ली इथे कोंडलेली, मी एकट्याने घरी काय करू? उभं राहायला जागा उरेना. शेवटी तुमचा अधिकारी किंचाळला, की कशाला येताय मरायला? मास्तरीणबाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, की आज सेवेरिनचा नामदिन आहे, आम्हाला वाटलं तुम्हीही त्यासाठीच आलात. एवढा गलबला झाल्यावर रानापर्यंत बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? सेवेक आला नाही.

तिसऱ्या दिवशी केक संपवून ते निघाले. जाताना विन्सेंटीकाकांना तळघरात घेऊन गेले.

तो अधिकारी या मुलखातला नव्हता. पोरगा घरात नसला तरी आई त्याच्या नावाने टेबल मांडते, हे त्याला कोणी सांगितलं? मला आई विचारत नाही. तिला विचारायचं नाहीये, हे तू समजून घे. यापुढे पत्र टाकू नकोस.
वांदा


वोल्कूव, २० जानेवारी १९४६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
टाकू नकोस म्हणालीस, तरी टाकतोय. हो, मीच सांगितलं. आपल्या उंबऱ्यावर, आईसमोर, जिवंत पकडावा, म्हणून सांगितलं. वरिष्ठांनी मला तसा शब्द दिला होता. रानातून तो बाजारच्या चौकात आणून टाकतील तो दिवस मला बघायचा नाही. तुझ्याकडे याहून चांगला उपाय होता का? नुसतं तोंड चालवणं सोपं असतं.

विन्सेंटीकाकांसाठी अर्ज केलाय. लहानपणी त्यांच्याकडे बाजा शिकलो, ते विसरलो नाही. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तेवढी माया ठेव.
रोमान


ओल्शाना, १ मार्च १९४६

रोमान,
हे पत्र टपालाने नाही, मावशीच्या हाती पाठवतेय. तुझे साहेब यावेळी उपाशी राहू देत.

विन्सेंटीकाका सुटले. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. रविवारची प्रार्थना बाजाशिवाय होते.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. तरी काल, अठ्ठावीस फेब्रुवारीला, तुझ्या नामदिनाला, तिने पांढरा टेबलक्लॉथ काढला. मी कडाकडा भांडले, की त्याचा नामदिन करायचा? ती म्हणाली, की नाव मीच ठेवलंय, ते त्याच्या कचेरीने दिलेलं नाही. केक केला, चेरीची दारू काढली, कडी काढून ठेवली.

कोणी आलं नाही. याकुबने पडदे ओढून घेतले. मास्तरीणबाई पलीकडच्या पदपथाने गेल्या. आई रविवारची शाल पांघरून दाराकडे तोंड करून बसली होती. मला तुझा इतका राग कधी आला नव्हता. तुमचं माणूसही आसपास नव्हतं. पोलिसाच्या नामदिनाला त्याच्याच घरावर पहारा कोण ठेवील?

अंधारून येताना मागचं दार उघडलं. कोण ते लिहीत नाही. हाडाचा सापळा झालाय, दाढी वाढलीय. आईचा हात हातात घेऊन बसला, केकचे दोन तुकडे खाल्ले, पेला उचलला आणि तुझं नाव घेतलं. मी त्याला फटकारलं, की सगळ्या दिवसांतून हाच दिवस सापडला? तो म्हणाला, की आज इथे कोणी फिरकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मग म्हणाला, की तेवढंच कारण नव्हतं. नामदिनाला कोणीतरी यायला हवं.

त्याने तुला शुभेच्छा कळवायला सांगितल्या, म्हणून कळवते. त्या त्याच्या आहेत, माझ्या नाहीत. पत्र साहेबांपुढे ठेव नाहीतर शेगडीत घाल. आई तुला काही विचारणार नाही.
वांदा