गंधालीच्या लॅपटॉपात रिफ्रेश नाही

नाहूर,
रविवार, जेवणं उरकल्यावर

ती. माणिकताईस,

धाकट्या विद्याधरचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिने चढू देत असतील आणि बोरिवलीचं पाणी वेळेवर येत असेल, असं धरून चालतो. मी आणि शर्मिष्ठा इथे खुशाल आहोत, घर मात्र जरा जास्तच शांत झालंय. फोन हाताशी असताना कागदावर लिहायला बसलो याचं कारण एवढंच, की तुला खासगीत कळवलेली गोष्टही तू कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतेस. (माझ्या मूळव्याधीच्या बातमीला आलेले अंगठे मी विसरलेलो नाही.)

गंधाली डिझाइन शिकायला बडोद्याला गेली, हे तुला ठाऊक आहेच. जाण्याआधी तिला लॅपटॉप घ्यायचा होता. आपल्या घरात आजवर विंडोजशिवाय दुसरं काही आलेलं नाही, आणि त्या खात्याचा घरगुती डॉक्टर मी. शाळेचा प्रोजेक्ट अडकला, प्रिंटर रुसला, की आतल्या खोलीतून ‘बाबा’ अशी हाक यायची. मग मी चष्मा लावून जायचो, माउसचं उजवं बटण दाबून रिफ्रेश करायचो, थोडं थांबून पुन्हा रिफ्रेश करायचो, आणि तरीही नाहीच जमलं तर बंद करून चालू करायचो. (विमा कंपनीतली अख्खी नोकरी मी याच दोन उपायांवर काढली आणि लोक मला कॉम्प्युटरमधला माणूस समजत राहिले.) तेव्हा लेकीचा पहिला लॅपटॉप मीच निवडणार, हे मी गृहीत धरलं होतं. तिनं मात्र सफरचंदवालाच हवा म्हणून सांगून टाकलं. म्हणे त्यात रंग खरे दिसतात. रंग आपल्या टीव्हीतही खरे दिसतात, असं मी म्हणून पाहिलं, पण तिचं ठरलेलं होतं.

मुलुंडच्या दुकानात सपना नावाची एक गोड बोलणारी मुलगी होती. मी तिला म्हटलं, आधी चालवून बघतो. चालवणार काय, स्टार्टचं बटणच सापडेना. खिडकी बंद करायची फुली उजवीकडच्या कोपऱ्यात असते म्हणून तिकडे गेलो, तर इथे डावीकडे एक लाल ठिपका. माउस नव्हताच, मग उजवं बटण कुठून आणायचं? सपना म्हणाली, दोन बोटांनी दाबा. मी दोन्ही हातांची एकेक तर्जनी ठेवून दाबलं (गंधाली त्या वेळी दुसऱ्या टेबलावरचे हेडफोन बघू लागली). शेवटी उजव्या बटणाची ती यादी उघडली, पण तिच्यात रिफ्रेश नव्हतं. विचारलं, तर सपना म्हणाली, "अंकल, याला रिफ्रेश लागतच नाही. हा अडकत नाही ना." मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. जे यंत्र अडकतच नाही, त्याच्यासाठी घरातल्या कुणाला हाक मारायची? हे मी मोठ्यानं बोललो की मनात, आता आठवत नाही. गंधालीनं माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी कार्ड पुढे केलं.

घरी आल्यावर शर्मिष्ठाचा वेगळाच प्रश्न. नवी वस्तू देवापुढे ठेवायची, पण हिच्या पाठीवर चावलेलं फळ. उष्टं फळ देवापुढे कसं ठेवायचं? तिनं बराच विचार केला आणि ओलं कुंकू नि अक्षता लावून तो चावलेला भाग भरून काढला. सफरचंद अखंड झालं, पूजा झाली, पेढा ठेवला. पुढे झाकण उघडताना अक्षता घरंगळल्या आणि एक दाणा कळफलकात गेला. तेव्हापासून एक बटण दाबलं की कुरकुरतं. मी लॅपटॉप उपडा करून झटकणार होतो, पण गंधाली म्हणाली, राहू दे बाबा, घरचा तांदूळ आहे. तो तसाच घेऊन ती बडोद्याच्या गाडीत बसली.

आता तिचे फोन येतात. मेसमधली गोड आमटी, खोलीतली मुलगी, सगळं सांगते. कॉम्प्युटरबद्दल एक अक्षर नाही. ताई, मला वाईट वाटतं. शर्मिष्ठा म्हणते, पोरीचं सुरळीत चाललंय म्हणून तोंड पाडून बसणारा बाप मी पहिल्यांदाच बघतेय. तिचं खरं आहे, पण मला करमत नाही.

भाऊजींना नमस्कार. तुमच्या श्रेयसशी बोलशील तेव्हा त्याला आशीर्वाद सांग.

तुझा,
विद्याधर

ता. क. श्रेयसनं परदेशातून पाठवलेला लॅपटॉप तुझ्याकडे आहे, तोही सफरचंदवालाच. तू त्यावर पाककृती बघतेस आणि एरवी तो क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवतेस. मला तो शिकायचा आहे. दर रविवारी येत जाईन. भाऊजींनी विचारलं तर तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायला येतो असं सांग, आणि गंधालीला काहीही कळता कामा नये. ग्रुपवर तर नाहीच नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात गंधालीचा फोन आला. "बाबा, याच्यात स्क्रीनचा फोटो कसा काढायचा रे? मला जमतच नाहीये." मी म्हटलं, जरा कामात आहे, संध्याकाळी सांगतो. शर्मिष्ठा म्हणते, असला फोटो पोरीनं तिला कालच पाठवला होता. पाठवला असेल. मी पत्र पोस्टात न टाकता स्वतःच घेऊन निघालोय. तू हे वाचत असशील तेव्हा मी समोर बसलेला असेन. चहा नंतर ठेव, आधी तो रुमाल काढ.