कावळा का शिवला न्हाई

पुणे, १२ मार्च २००६

दुर्गामामी,

दहाव्याला मामाच्या पिंडाला कावळा शिवेना, तव्हा तू हात जोडून म्हणालीस, "जाताना चहा मागत व्हते, मी दिला न्हाई. आता मीबी पिणार न्हाई." तरी कावळा आला न्हाई. मंग भटजीनं दर्भाचा कावळा करून शिववला. मी बाजूलाच उभा व्हतो.

मामाला आमच्या लॅबमधल्या प्रयोगात मीच आणलं व्हतं. त्याच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं अन् परत त्यालाच टोचायच्या. हे सांगितलं तर हसला. "म्हंजे घरचाच गोऱ्हा औताला शिकवून आणायचा! गुण येईल ना रे?" मला ठाऊक न्हवतं, तरी म्हणालो, "बिलकुल."

दोन डोस दिले. तिसरा तयार झाला अन् मामाच राह्यला न्हाई. ती कुपी अजून आमच्या टाकीत गोठवून ठेवलीय. त्यातल्या पेशी जित्या हायेत, मामी. आपण जाळून आलो, पण मामा सगळा जळलाच न्हाई. मंग कावळा कसा शिवंल?

माझा असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई. पण आज साहेबांनी कुपी नष्ट करायला सांगितली अन् माझा हात धजंना.

हे पत्र टाकलं तर तू म्हणशील, "त्याला घरी घेऊन ये." ते मला जमणार न्हाई, म्हणून टाकत न्हाई.

त्याचा जीव चहात न्हवता अडकला. तू चहा पी, मामी.

तुझा भाचा,
अंबादास