एकही एरर नाही

२८ एप्रिल, सकाळ
दीपमाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली, धरणगावला. जाताना भांडण नाही, तक्रार नाही. एरवी तक्रारी रोज असायच्या: बोलत नाही, ऐकत नाही, लॅपटॉपमधून डोकं काढत नाही. माझ्यात सुधारणा झाली असावी.
संकल्प: रविवारी स्वतः आणायला जाणे.

१ मे
काम जोरात. चिप बनण्याआधीच ती कॉम्प्युटरवर चालवून चुका पकडायच्या. माझी कोरुटीन्स, म्हणजे आळीपाळीने चालणारे छोटे प्रोग्राम, झकास. एक थांबतं, दुसरं चालतं; सिग्नल आला की पहिलं थांबलं तिथूनच पुढे सुरू. दीपमालाला एकदा समजावलं होतं. माणसाचं तसं नसतं, म्हणाली. तिला टेक्निकल जरा उशिरा कळतं.

५ मे
काल जाणं जमलं नाही. ऊन फार. आज सासऱ्यांचा फोन. मोतीलाल आबा फोनवर मोजकंच बोलतात. "जवाईबापू, पोरले लेवाले कव्हय येतस? वाट देखी ऱ्हायनी ती." टेस्टिंग संपलं की तिला न्यायला येतो, म्हटलं. बायको कुठे पळून जाते!

९ मे
सगळ्या टेस्ट पास. एकही एरर नाही. टीम लीड वृषाली मॅडमना ऐटीत मेल. दीपमालाचाही फोन नाही. दोन्हीकडे शांतता. घरी वरण करपलं, पण तो गॅसचा दोष.

१३ मे
वाईट दिवस. मॅडमनी मुद्दाम चिपमध्ये चूक घातली, तरी माझ्या टेस्ट पास. चुका तपासणारं कोरुटीन पहिल्याच ओळीला एका सिग्नलची वाट बघत थांबलं होतं. तो सिग्नल मी कधी पाठवलाच नव्हता. मॅडम चिडल्यासुद्धा नाहीत. "एरर नव्हत्या असं नाही. बघणारं कोणी जागंच नव्हतं," एवढंच म्हणाल्या.
सिग्नल पाठवणारी एक ओळ टाकली. स्क्रीन एररनी लालेलाल. ती तशीच सोडली. दीपमालाला फोन लावला. उचलला नाही.

१८ मे, बसमध्ये
धरणगावला जाऊन आलो. लॅपटॉप नेला नव्हता, हे दोनदा सांगितलं. आबांनी रस-मांडे वाढायला लावले. मग दीपमाला समोर बसली. म्हटलं, काय असेल ते बोल, भांड, आज सगळं ऐकतो.
"माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली. "आधी होती. तेव्हा मी वाट बघत होते."
मला फार भीती वाटली. एकटाच परत निघालो. निघताना कुणी मुक्कामाचा आग्रह केला नाही.