बोटीचं दावं

नाचणगाव,
कार्तिक संपत आला

प्रिय अश्विन,

दिवाळी झाल्यावर तू फोनवर तो नकाशा पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘आई, तीन जागा रिकाम्या आहेत, बोट कुठे बांधू ते तू सांग.’ त्याचं उत्तर द्यायला मी इतके दिवस लावले म्हणून रागावू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्याकडचा वारा आणि माझ्याकडच्या शेजारणी, दोघंही मध्येच बोलतात. शिवाय तू ‘हो आई, हो आई’ करत अर्धं ऐकतोस, हे मला तू पाळण्यात होतास तेव्हापासून माहीत आहे. कागद पुरता वाचावा लागतो. अक्षर वाकडं वाटलं तर चष्म्याला बोल लाव, मला नको.

तुझा नकाशा आधी काही कळेना. शेजारच्या तानाबाईची सून काजल, तिनं बोटांनी ताणून ताणून दाखवला, तरी माझ्या डोळ्यांत बसेना. मग तिनं पुलगावहून तो मोठ्या कागदावर छापून आणला. तो मी बैलांच्या कोठ्याच्या भिंतीला लावलाय. दुपारी तिथे खाट टाकून बघत बसते. तू म्हणशील, कोठ्यात काऊन? तर कोठा आता स्वच्छ आहे, गार आहे आणि रिकामा आहे.

नेव्हीत गेलास तेव्हापासून तू बोलावतोयस आणि मी तुला एकच सांगत आले, की जनावरं कोण पाहील. ते खरंही होतं. मी आजवर पाणी पाहिलं ते पवनारला धाम नदीचं आणि पुलगावच्या पुलावरून वर्धेचं. समुद्र टीव्हीतला. आता तू नेव्ही सोडून कोचीला बोटी दुरुस्त करतोस, जुनी शिडाची बोट घेऊन तिच्यावरच राहतोस, हे मी गावात सांगते तेव्हा लोकांना वाटतं म्हातारीला भास होतात. आपलं वावर कसणाऱ्या नागेशनं तर तोंडावर विचारलं, “काकू, पाण्यावर घर? अन् झोपीत कलंडला त?” मी म्हटलं, तू बांधावरून कलंडतोस ते पाह्य आधी.

तुझे बाबा गेल्यावर वावर नागेशला बटाईनं दिलं, ते तुला ठाऊक आहेच. त्याचा ट्रॅक्टर आहे. त्याला बैलांची गरज नाही, आणि मला एकटीला दोन बैलांचं करणं झेपेना, म्हणून चांद्या आणि कबऱ्या आंजीच्या एका माणसाकडे गेले. माणूस चांगला आहे, मी त्याच्या हाताचे घट्टे पाहूनच दिले. पण जनावरं गेल्यावर घराला काय होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर काही ना काही हलत असायचं, घुंगरू वाजायचं, शेपटी भिंतीला लागायची. आता मी भांडं ठेवलं तर त्याचाच आवाज येतो. पाण्याचा हौद मी अजून भरते. तानाबाईची बकरी येऊन पिते. तिला वाटतं तिच्यासाठीच भरलाय, मीही तिचा गैरसमज काढत नाही.

पोळ्याच्या दिवशी मी सवयीनं पुरण शिजवलं आणि मग ते भरवू कोणाला, हे कळेना. दार लोटून बसले होते. तानाबाई आली आणि म्हणाली, “काऊन व घरात बसून राह्यली? चाल ना तोरणाखाली.” गेले. सगळ्यांच्या हातात कासरे होते. मी कधी पदर सावरला, कधी हात मागे घेतले. बैल नसले की पोळ्यात हातांचं काय करायचं ते समजत नाही. तोरण तुटून बैल सुटायच्या आधीच मी घरी आले. हे तुला तेव्हा फोनवर सांगितलं नाही, मस्त झाला म्हणून सांगितलं.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी हरभऱ्याचं सांगत होते. वावरात हरभरा घालायचा की गहू, हे यंदा नागेशनं ठरवलं आणि पेरून झाल्यावर मला कळलं. त्याचं काही चुकलं नाही, कसतो तोच. पण बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की आता मला कोण काय विचारतं. मी लगेच चकल्यांवर विषय नेला. आणि मग चार दिवसांनी तुझा नकाशा आला.

अश्विन, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुला आठवतंय की नाही कोण जाणे, आपल्या घरी बैल बाबा निवडायचे आणि त्याची जागा मी ठरवायची. नवीन बैल दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं आणि पहिलं दावं घरच्या बाईनं बांधायचं, अशी आपल्या घरची रीत. तुझ्या आजीनं मला लग्नाच्या वर्षीच हे काम दिलं. कबऱ्या आला तेव्हा शिंग मारत आला होता. बाबा म्हणाले, याले कडेले बांधू, कोणाले लागला तर. मी म्हटलं, मधेच बांधायचा. कडेला बांधला तर त्याला वाटेल आपल्याला वाळीत टाकलंय. एका अंगाला चांद्या, दुसऱ्या अंगाला म्हातारी गाय. दावं ना आखूड ना लांब. आखूड असलं की मान धरते, लांब असलं की पाय अडकतो. आठवडाभरात तो चांद्याची मान चाटायला लागला. बाबा पुढे कोणाला सांगताना ‘आमच्या घरी जागेचं खातं हिच्याकडे’ असं म्हणायचे. त्या खात्याला कुलूप लागलं होतं, ते तू उघडलंस.

तेव्हा ऐक, मी काय ठरवलं ते. फाटकाजवळची चार नंबरची जागा मला पसंत नाही. नळ जवळ, दिवा जवळ, हे खरं, पण तिथे शेजारी हॉटेलची टेबलं दाखवली आहेत. दिवसभर लोक तुझ्या घरात डोकावून फोटो काढतील आणि तू भोळा, सगळ्यांना चहा पाजत बसशील. टोकाची एकोणीस नंबरची जागा उघड्या पाण्याकडे आहे. तूच लिहिलं आहेस की समोरून फेरीबोट गेली की लाटा आधी तिला लागतात, आणि पावसाळ्यात वारा थेट तिकडून येतो. तिथे तू रात्रभर हेलकावे खाणार. मधली अकरा नंबरची घे. दोन्ही बाजूंना मोठ्या बोटी आहेत, त्या वारा अंगावर घेतील, आणि तुला शेजार होईल. एकटं राहणाऱ्याला शेजार पाहिजे. हे मी नकाशा बघून सांगत नाही. दोर मात्र मोकळा ठेव, तुमच्याकडचं पाणी रोज चढतं उतरतं म्हणतोस ना.

नागेशला हे सांगितलं तर म्हणतो, “काकू, ते बोट हाय, बैल थोडीच हाय.” मी म्हटलं, जे बांधावं लागतं त्याचं सगळं सारखंच.

आणखी एक. माळ्यावर अंबाडीचा वाख पडून होता, बाबांनी शेवटच्या वर्षी सोलून ठेवलेला. तुझ्या नकाशासमोर बसून त्याचा मी दोर वळला. बोटांना आता पूर्वीसारखा पीळ देता येत नाही, तानाबाईनं दुसरं टोक धरलं तेव्हा जमलं. ती विचारत होती, “बैल इकले ना तुवा? मंग दावं कोणाले?” मी सांगितलं, पोराच्या बोटीला. ती हसली नाही. म्हणाली, मग जाड वळू. खाऱ्या पाण्यात अंबाडी किती दिवस टिकणार, तुमच्याकडे नायलॉनचे दोर असतात, हे काजलनं मला सांगितलंय. तरी वळला.

इथवर मी परवाच लिहून ठेवलं होतं. पाकीट बंद करायचं तेवढं बाकी होतं. काल काजल माझ्या फोनमधले जुने फोटो पुसायला बसली, फोन भरला म्हणून. तुझा लक्ष्मीपूजनाचा फोटो निघाला. बोटीच्या डोलकाठीला आकाशकंदील आणि खाली तू, दाढी वाढवलेला. त्या दिवशी मी फक्त तुझं तोंड पाहिलं होतं, की वाळला आहेस का. काल काजलनं ताणून मोठा केला तेव्हा मला दावं दिसलं. आणि दावं ज्या खुंट्याला बांधलंय, त्याच्यावरचा आकडा. एकोणीस. दोराला पाण्याजवळ हिरवं शेवाळ धरलं होतं. अशा दोराकडे पाहून जनावर कधीचं बांधलंय, हे मला कळतं रे. तो दिवाळीत बांधलेला दोर नव्हता, पावसाळ्याआधीचा होता. म्हणजे जागा तू केव्हाच घेतली होतीस, आणि नकाशा नंतर पाठवलास.

आधी मी हसले. मग काजलला चहा ठेवायला पाठवलं आणि पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला बोलू. ज्याला काहीच ठरवायचं नव्हतं, त्यानं माझ्यासाठी तीन जागांचा नकाशा काढला. राग आला नाही, हे आधी सांगते. बोट आहे तिथेच राहू दे, माझ्या सांगण्यावरून हलवू नकोस. तुला लहानपणापासून दाराजवळच झोपायचं असायचं, उठल्याबरोबर बाहेर पळता यावं म्हणून. टोकाचीच जागा तुझी. पण मला फार एकटं वाटतं, अश्विन. जनावरं कोण पाहील म्हणायला आता जनावरंही नाहीत, आणि हे तुला माझ्याआधी कळलं. तुझ्या बोटीचं पहिलं दावं घरच्या बाईनं बांधलेलं नाही, तेवढं राहिलंय. काजलनं सेवाग्रामहून गाडीचं तिकीट काढून दिलंय, हौद भरायचं तानाबाईनं कबूल केलंय, आणि दोर पिशवीत भरलाय. तू बोट बांधून झाल्यावर मला विचारलंस, तसंच मी आता तुला विचारते. मी येऊ का?

तुझीच,
आई