बाबूजींची नाणी

दवनीवाडा,
ता. ९ फेब्रुवारी १९५८

चि. खुशाल,

तुला व सौ. मंदाला आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. धानाची चुरणी आटोपली. लाल गाय व्याली, कालवड झाली. नवी लाखोळी निघाली की डाळ पाठवीन, असे तुझी वहिनी म्हणते.

तुझे पत्र पोचले. बाबूजींचा नाण्यांचा डबा तुला हवा आहे. तुझ्या कॉलेजातले साहेब ती नाणी काचेच्या कपाटात मांडणार, खाली बाबूजींचे नाव लिहिणार. "दादा, शेतातले काही नको, एवढा डबा दे," असे लिहिलेस. शेत मागायला तू चिखलात उतरला होतास कधी?

मला तिसरीतून काढून नांगरावर धरले. तुला घेऊन बाबूजी बाजार-बाजार हिंडत. सोनाराने आटवायच्या आधी जुना रुपया सोडवून आणत, आणि तू त्याच्या माहितीची चिठ्ठी लिहून त्यात गुंडाळून ठेवायचास. एकदा मी भोसल्यांचा एक रुपया उचलला, तर म्हणाले, आधी हात धुऊन ये. मी विहिरीवरून येईपर्यंत डबा बंद झाला होता. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, आणि मला रडू आले होते.

असो. यंदाच्या शंकरपटाच्या शर्यतीत आपला चंद्र्या बैल पहिला आला. असा पळाला की दुसऱ्या जोड्या धुरळ्यातच राहिल्या. पट जिंकलेल्या बैलाच्या गळ्यात काहीतरी घालावे लागते, म्हणून मी माळ करवली. एकेचाळीस नाण्यांची. भैय्यालाल सोनार भोक पाडायला तयार होईना.

"काऊन खराब करून राहिले जी? मालकानं जलमभर जपले हे."

"तू पाड," म्हटले. "अक्षरं आहेत तिथूनच पाड."

सुंदर दिसते माळ. चंद्र्या चिखलात लोळतो तेव्हाही मी काढत नाही. तुझ्या चिठ्ठ्यांवर तुझ्या वहिनीने दोन दिवस चूल पेटवली.

आता तू म्हणशील, दादा माणूस आहे की कोण. थांब, तेही सांगतो.

बाबूजी गेल्यावर तू तिसऱ्या दिवशी आलास तेव्हा मी सांगितले होते की बाबूजींची वाचा गेली होती, एका रात्रीत आटोपले, तार करायला वेळच मिळाला नाही. ते खोटे. बाबूजी आठ दिवस अंथरुणावर होते आणि चांगले बोलत होते. रोज विचारत, "खुशाल आला का?" गोंदियाला जाऊन तार करणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. मी गेलो नाही.

मोतीबिंदूने त्यांना काही दिसत नव्हते, आणि तुझ्यामाझ्या आवाजात तर मायसुद्धा चुकायची. सातव्या दिवशी मी जवळ बसून म्हटले, "आलो, बाबूजी. खुशाल." हात मात्र हातात दिला नाही. नांगराचा हात त्यांनी ओळखला असता.

किती आनंद झाला त्यांना! माझ्यासाठी इतका कधी झालेला मी पाहिला नाही. मग हळूच म्हणाले, "डबा तू घेऊन जाजो. गोवर्धनच्या हाती देजो नोको. थो बैल आहे."

मी म्हटले, "हो, बाबूजी."

म्हणून बैलाच्या गळ्यात घातली. त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही मी.

त्यानंतर ते पुष्कळ बोलले. लहानपणापासून तुला सांगायचे राहून गेले होते ते सगळे. तुझी माफीही मागितली, कशाबद्दल ते मला ठाऊक आहे. बोलता बोलता रडले. दुसऱ्या दिवशी गेले.

रिकामा डबा पार्सलने पाठवतो आहे, कपाटात मांड. पण बाबूजी काय बोलले ते विचारायला येऊ नकोस. पाया पडलास तरी सांगणार नाही, आणि मी मेल्यावर सांगणारा कोणी उरणार नाही.

आता तुला वडिलांच्या जागी असलेला,
गोवर्धन