शेवटचे दोन किलो

अहो,

वजनकाटा मी माझ्या शिवणकामाच्या दुकानात घेऊन चाललेय, घरभर शोधत बसू नका. राहिलेल्या दोन किलोंसाठी काल उपाशी झोपलात, ते मला कळत नाही होय? डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, चक्कर येऊन पडायला नाही. बाकीचं वजन वेळेवर जेवून आणि रोज चालूनच उतरलं ना? मग हेही उतरेल, घाई कसली? ओट्यावर नाश्ता झाकून ठेवलाय, मुकाट्याने खा. संध्याकाळी दोघं चालायला जाऊ.

तुमची राखाडी पॅन्ट कमरेत आत घेतलीय. पुन्हा सैल करावी लागेल म्हणून दरवेळी आतलं जादा कापड ठेवत आले. या वेळी बिनधास्त कापून टाकलं.